स्पर्श आणि ठसा : यंत्राला आपली अक्षरे शिकवताना

(राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या बौद्धिकाचे शब्दांकन)



सकाळी उठल्याबरोबर प्रथम स्वतःच्या तळहातांचे दर्शन घ्यावे, हा संस्कार आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. हाताच्या अग्रभागी लक्ष्मी, मध्यभागी सरस्वती आणि मूळस्थानी गोविंद वास करतो, ही त्यामागची भावना. माणसाचे ऐश्वर्य, त्याची विद्या आणि त्याचा आधार या तिन्ही गोष्टी त्याच्या कर्मशील हातात आहेत, हा त्या भावनेचा सरळ अर्थ होय. आज त्याच बोटांच्या अग्रावर लक्ष्मी अगदी शब्दशः नांदताना दिसते. भाजीवाल्याला पैसे द्यायचे, रेल्वेचे आरक्षण करायचे, विजेचे देयक भरायचे, तर एका काचेवर बोट टेकवले की काम होते.

प्रश्न सरस्वतीचा आहे. त्या काचेला बोटाचा स्पर्श कळतो कसा, ही विद्या कोणी शोधली, ती शोधताना किती वर्षे खर्ची पडली आणि त्या विद्येत आपला वाटा किती, याचा विचार लक्ष्मीचा उपभोग घेणाऱ्या समाजाने केला पाहिजे. संगणकाला दोन तोंडे असतात. एका तोंडाने तो माणसाची आज्ञा ऐकतो, दुसऱ्या तोंडाने तो उत्तर देतो. आज्ञा ऐकण्याचे आजचे प्रमुख साधन स्पर्श हे आहे, आणि उत्तर कायमस्वरूपी हाती देण्याचे साधन म्हणजे छपाई. स्पर्श आणि ठसा या दोन्ही विद्यांची कथा विज्ञानाच्या दृष्टीने रंजक आहेच, पण राष्ट्रजीवनाच्या दृष्टीने ती अधिक बोधप्रद आहे.

काचेला स्पर्श कळतो कसा?

स्पर्शपटलाचे दोन प्रकार सर्वाधिक प्रचारात आले. पहिल्या प्रकारात दोन पातळ विद्युतवाहक थर एकमेकांपासून किंचित अंतरावर ठेवलेले असतात. बोटाने किंवा काडीने दाब दिला की ते त्या जागी एकमेकांना टेकतात आणि विजेच्या दाबाच्या मोजणीवरून स्पर्शाचे स्थान यंत्राला समजते. जुन्या यंत्रांवर बोट जोराने दाबावे लागे, त्याचे कारण हेच.

दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. काचेवर इंडियम आणि कथिल यांच्या ऑक्साइडचा पारदर्शक लेप दिलेला असतो. हा लेप डोळ्यांना दिसत नाही, पण वीज वाहून नेतो. मनुष्याचे शरीरही विद्युतवाहक आहे. बोट काचेजवळ येताच त्या जागेची विद्युतधारिता किंचित बदलते आणि यंत्र तो बदल टिपते. येथे दाब द्यावा लागत नाही, केवळ सान्निध्य पुरते. हातात लोकरी मोजे असले की भ्रमणध्वनी दाद देत नाही, कारण मोजा वीज वाहत नाही. म्हणजे या यंत्राला आपले बोट कळते ते आपल्या देहातील एका गुणधर्मामुळे!

चाळीस वर्षांची साधना

बहुतेकांची अशी समजूत असते की स्पर्शाने चालणारे यंत्र २००७ साली अमेरिकेतील अॅपल कंपनीने आयफोनच्या रूपाने जन्माला घातले. वस्तुस्थिती वेगळी आहे. इंग्लंडमधील माल्व्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंट या संरक्षण संशोधन संस्थेतील ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्येच बोटाच्या स्पर्शाने संगणकाला आज्ञा देणाऱ्या पटलाविषयी निबंध प्रसिद्ध केला होता. विमानांच्या वाहतुकीचे नियंत्रण करणाऱ्या अधिकाऱ्याचा वेळ वाचावा, हा त्यांचा हेतू होता.

१९७० च्या सुमारास अमेरिकेतील केंटकी विद्यापीठात डॉ. सॅम्युएल हर्स्ट हे भौतिकशास्त्रज्ञ आलेखांच्या लांबच लांब कागदांवरून आकडे वाचण्याच्या कामाने त्रस्त झाले होते. विद्यार्थ्यांचे महिनेच्या महिने त्यात जाणार होते. त्यांनी विद्युतवाहक कागदाचा उपयोग करून बिंदूचे स्थान आपोआप मोजण्याची युक्ती काढली आणि त्यातून पुढे दाबाने चालणारे स्पर्शपटल विकसित झाले. १९७२ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या शैक्षणिक संगणक योजनेत विद्यार्थी पडद्याला बोट लावून उत्तरे देऊ लागले. तेथे अवरक्त किरणांची अदृश्य जाळी वापरली होती. बोटाने किरण अडला की स्थान कळे.

त्याच वर्षी जिनिव्हाजवळच्या सर्न या अणुसंशोधन संस्थेत वेगळीच अडचण उभी होती. तेथे एक महाकाय कणत्वरक उभारला जात होता. त्याच्या नियंत्रणासाठी हजारो बटणे आणि खटके लागणार होते. ते बसवायचे कोठे आणि माणसाने त्यांतून नेमके बटण शोधायचे कसे? बेंट स्टुम्प या डॅनिश अभियंत्याने आपले वरिष्ठ फ्रँक बेक यांच्याकडे एक हस्तलिखित टिपण दिले. बटणेच नकोत, काचेवर बटणांची चित्रे दाखवावीत आणि गरजेप्रमाणे ती बदलावीत, असा त्याचा आशय होता. १९७६ मध्ये तो त्वरक कार्यान्वित झाला, तेव्हा त्याचे नियंत्रण अशा स्पर्शपटलांवरून होत होते. ‘बटण कायमचे नसते, ते गरजेप्रमाणे रंगवता येते’ हे या शोधाचे मर्म. आपल्या लिपीच्या संदर्भात हे मर्म पुढे फार मोलाचे ठरणार होते.

अनेक बोटांचा स्पर्श एकाच वेळी ओळखणे ही पुढची पायरी. कॅनडातील टोरांटो विद्यापीठात निमिष मेहता यांनी १९८२ च्या आपल्या प्रबंधात असे यंत्र सिद्ध केले. धुरकट काचेच्या मागे कॅमेरा ठेवून बोटांच्या सावल्या ओळखण्याची ती पद्धत होती. पुढे अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठात वेन वेस्टरमन या संशोधकाला अतिश्रमाने हाताचे दुखणे जडले. कळफलकावर बोटे आपटणे असह्य झाले, म्हणून त्याने प्राध्यापक जॉन इलियास यांच्यासह हलक्या स्पर्शाने चालणारे फलक तयार केले. त्यांची ‘फिंगरवर्क्स’ ही छोटी कंपनी अॅपलने २००५ मध्ये विकत घेतली, आणि दोन वर्षांनी आयफोन बाजारात आला.

१९६५ ते २००७ म्हणजे बेचाळीस वर्षे. संरक्षण संस्था, विद्यापीठे, अणुसंशोधन केंद्र आणि एका दुखऱ्या हाताचा विद्यार्थी या सर्वांच्या साधनेचे फळ अखेर एका कंपनीच्या पदरात पडले. फळ तोडणाऱ्याचे नाव जगाला ठाऊक असते, झाड लावणाऱ्यांचे नसते. पण ज्या देशाला झाड लावणेच माहीत नाही, त्याला फळ नेहमी विकतच घ्यावे लागते.

वीस दारांवरून परतलेला माणूस

आता छपाईकडे वळू. कार्यालयातील लेसर मुद्रकाचे मूळ एका दरिद्री घरातील मुलापाशी जाते. चेस्टर कार्लसन हा न्यूयॉर्कमधील एका कंपनीच्या पेटंट विभागात नोकरी करीत होता. पेटंटच्या कागदांच्या प्रती पुनःपुन्हा काढाव्या लागत. हाताने लिहून काढणे हा एक मार्ग आणि छायाचित्र काढणे हा दुसरा, खर्चिक मार्ग. त्यातच त्याला संधिवाताचा त्रास. यातून सुटका म्हणून त्याने सार्वजनिक ग्रंथालयात बसून भौतिकशास्त्राचे ग्रंथ अभ्यासले आणि भाड्याच्या खोलीत प्रयोग आरंभले.

२२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागात त्याने आणि ओटो कॉर्नाय या सहकाऱ्याने गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा अंधारात रुमालाने घासला. घर्षणाने त्यावर स्थितिक विद्युतभार निर्माण झाला. काचपट्टीवर शाईने तारीख आणि स्थळ लिहून ती पत्र्यावर ठेवली व काही क्षण प्रखर दिवा लावला. जेथे प्रकाश पडला तेथील विद्युतभार निघून गेला, अक्षरांच्या सावलीत तो टिकून राहिला. मग वनस्पतीची बारीक भुकटी टाकून फुंकर मारली. भुकटी फक्त अक्षरांना चिकटून राहिली! मेणकागदावर ती उतरवताच जगातील पहिली कोरडी छायाप्रत तयार झाली.

हा शोध घेऊन कार्लसन दारोदार हिंडला. वीसहून अधिक कंपन्यांनी त्याला परत पाठवले. त्यांत त्या काळच्या अत्यंत नामवंत कंपन्याही होत्या. १९४४ मध्ये बॅटेल या संशोधन संस्थेने त्याला आधार दिला, पुढे हॅलॉइड ही छोटी कंपनी पुढे आली आणि १९५९ मध्ये ‘झेरॉक्स ९१४’ हे यंत्र बाजारात उतरले. पहिल्या प्रयोगापासून एकवीस वर्षे! आपल्याकडे आज ‘झेरॉक्स काढणे’ हा मराठी वाक्प्रचार होऊन बसला आहे, पण त्यामागची ही एकवीस वर्षांची वणवण क्वचितच कोणाला ठाऊक असते.

कार्लसनच्या उत्तरायुष्याचा एक पैलू आपल्याला विशेष भावणारा आहे. अपार संपत्ती मिळाल्यावर त्याने तिचा फार मोठा भाग गाजावाजा न करता दान करून टाकला. पत्नी डॉरिस हिच्या प्रेरणेने तो वेदान्त आणि झेन पंथाच्या अभ्यासाकडे वळला होता. व्हर्जिनिया विद्यापीठातील डॉ. इयान स्टीव्हन्सन यांनी पुनर्जन्माच्या कथित घटनांचा अभ्यास केला आणि त्यासाठी ते भारतातही आले होते. त्यांच्या संशोधनाला कार्लसनचे भरघोस अर्थसाहाय्य होते. त्या संशोधनाच्या निष्कर्षांविषयी मतभेद असू शकतील. पण द्रव्य मिळवावे आणि ते विश्वस्तवृत्तीने वाटून टाकावे, हा आपल्याकडे सांगितलेला धर्म त्या परदेशी संशोधकाने आचरला, हे निःसंशय.

प्रकाशाची लेखणी, शाईचा बुडबुडा

कार्लसनच्या यंत्राला मूळ कागद लागे. तोच प्रकाश संगणकाच्या आज्ञेने चालवला तर? हा विचार झेरॉक्समधील गॅरी स्टार्कवेदर या अभियंत्याच्या मनात १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आला. लेसर किरण फिरत्या बहुकोनी आरशावर टाकायचा, तो विद्युतभारित ढोलावर ओळीमागून ओळ सरकवायचा आणि हवा तेथे चालू, हवा तेथे बंद करायचा. म्हणजे प्रकाशाचीच लेखणी! वरिष्ठांनी ही कल्पना खुळचट ठरवली. स्टार्कवेदर हटला नाही. १९७१ मध्ये त्याने कॅलिफोर्नियातील कंपनीच्या नव्या संशोधन केंद्रात बदली करून घेतली आणि वर्षाच्या आत यंत्र चालवून दाखवले. १९७७ मध्ये मिनिटाला १२० पृष्ठे छापणारे यंत्र बाजारात आले. १९८४ मध्ये जपानच्या कॅनन कंपनीचे अंतरंग वापरून ह्यूलेट-पॅकार्डने टेबलावर मावणारा ‘लेसरजेट’ आणला. १९८५ मध्ये पोस्टस्क्रिप्ट ही पृष्ठवर्णनाची संगणकीय भाषा असलेला लेसररायटर आणि पेजमेकर ही आज्ञावली बाजारात आली, तेव्हा घरगुती पृष्ठजुळणीचे युग सुरू झाले.

शाईफेकी मुद्रकाची कथा आणखी गमतीची. कॅननचे संशोधक इचिरो एंडो यांच्या प्रयोगशाळेत १९७७ मध्ये झाळकामाची तापलेली सळई शाईने भरलेल्या पिचकारीच्या सुईला चुकून लागली आणि सुईतून शाई उडाली. इतरांनी टेबल पुसून टाकले असते. एंडो यांनी कारण शोधले. उष्णतेने क्षणार्धात बुडबुडा तयार होतो आणि तो शाई बाहेर ढकलतो, हे त्यातून उमगले. अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्डचे जॉन व्हॉट स्वतंत्रपणे त्याच तत्त्वापर्यंत पोहोचले. अपघात सर्वांच्याच वाट्याला येतात. त्यांतून शोध लागतो तो जागृत दृष्टीच्या माणसाला.

खिळ्यांच्या पेट्यांपासून

या साऱ्या कथेत आपण कोठे होतो, हा प्रश्न टाळता येणार नाही. छापखाना हिंदुस्थानात प्रथम आला तो १५५६ मध्ये गोव्यात, पोर्तुगीज मिशनऱ्यांबरोबर. आपले धर्मग्रंथ छापावेत या हेतूने मुद्रक मागवणारा पहिला भारतीय होता भीमजी पारेख हा व्यापारी. त्याच्या आग्रहामुळे ईस्ट इंडिया कंपनीने हेन्री हिल्स हा मुद्रक १६७४ मध्ये मुंबईला धाडला. त्याच वर्षी रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला. पण हिल्सला छापता येत होते, आपल्या लिपीचे खिळे ओतता येत नव्हते. यंत्र आले, अक्षर आले नाही, आणि भीमजींचा संकल्प तडीस गेला नाही. अ. का. प्रियोळकरांनी हा इतिहास परिश्रमपूर्वक उजेडात आणला आहे. यंत्र विकत घेता येते, पण त्याला आपले अक्षर आपणच शिकवावे लागते, हा धडा साडेतीनशे वर्षांचा आहे.

तो धडा पुढे आपल्या माणसांनी गिरवला. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाछापावर पंचांग छापले. मिशनच्या छापखान्यात लहानपणी मजुरी केलेल्या जावजी दादाजींनी १८६४ मध्ये स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू यांनी घडवलेल्या निर्णयसागरच्या अक्षरांनी संस्कृत ग्रंथ देशोदेशी नेले. तरीही देवनागरीची अडचण होतीच. जोडाक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार यांमुळे जुळाऱ्यासमोर शेकडो घरांच्या पेट्या मांडाव्या लागत. इंग्रजी जुळारी एका जागी उभा राहून काम करी, मराठी जुळाऱ्याला चारी बाजूंना हात पोचवावा लागे.

म्हणूनच लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या प्रश्नात लक्ष घातले, आणि रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लिपिशुद्धीचे आंदोलन उभारले. अि, अी, अु, अू अशी ‘अ’ची बाराखडी त्यांनी पुरस्कारली, ती याच मुद्रणसुलभतेसाठी. तेव्हा त्यांची थट्टाही झाली. परंतु त्या द्रष्ट्या पुरुषाची चिंता खरी होती. जी लिपी यंत्रावर चढणार नाही, ती व्यवहारातून उतरेल, हे त्यांनी ओळखले होते. यंत्र लिपीसाठी वाकत नसेल तर लिपीने थोडे वाकावे, असा त्यांचा व्यावहारिक विचार होता. पुढे काळच असा आला की यंत्रच लिपीसाठी वाकू शकले, आणि त्याला तसे वाकवणारे हात आपलेच होते.

वर्णमालेचे सामर्थ्य

प्रारंभीच्या टिंबमुद्रकात नऊ टाचण्यांची एक उभी रांग असे. इंग्रजी अक्षराला ती पुरे. पण शिरोरेषेच्या वर वेलांटी आणि रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर ही देवनागरीची तीन मजली इमारत नऊ टाचण्यांत मावायची कशी? १९८० च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत प्रा. आर. एम. के. सिन्हा आणि त्यांचे सहकारी भारतीय लिपींच्या संगणकीकरणावर काम करीत होते. मोहन तांबे त्याच परंपरेतले. पुण्यात १९८८ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकची स्थापना झाली, आणि ‘परम’ महासंगणकाबरोबरच ‘जिस्ट’ हे भारतीय लिपींचे तंत्रज्ञान तेथे विकसित झाले. साध्या संगणकात एक पत्रक बसवले की तो आपल्या भाषांत लिहू-छापू लागे.

या कामामागील मूळ कल्पना समजून घेण्यासारखी आहे. आपल्या वर्णमालेत क, ख, ग, घ, ङ हे कंठातून, च-वर्ग टाळूतून, ट-वर्ग मूर्ध्न्य, त-वर्ग दातांशी आणि प-वर्ग ओठांतून, अशी उच्चारस्थानांची शास्त्रशुद्ध मांडणी आहे. मराठी, बंगाली, तेलुगू, मल्याळम यांची अक्षरे दिसायला वेगळी, पण त्यांचा सांगाडा एकच. म्हणून १९८८ च्या आणि पुढे १९९१ च्या ‘इस्की’ या राष्ट्रीय मानकात सर्व ब्राह्मी-जन्य लिपींना एकच संकेत देता आला. ‘क’चा संकेत कोणत्याही लिपीत तोच! ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलकात डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने अशी रचना झाली. मराठी टंकलेखन शिकलेला माणूस त्याच कळांवर कन्नडही लिहू शकतो. प्राचीन शिक्षाकारांनी आणि वैयाकरणांनी केलेल्या ध्वनिविचाराचा असा प्रत्यक्ष उपयोग विसाव्या शतकात झाला. ‘विविधतेत एकता’ हे वाक्य भाषणातले राहिले नाही, ते विद्युतपरिपथात उतरले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आपल्या पूर्वजांना संगणक ठाऊक होता, असा याचा अर्थ नव्हे. तसे म्हणणे हा पूर्वजांचाही अवमान आहे, कारण त्यांचे खरे कर्तृत्व त्यामुळे झाकले जाते. त्यांनी ध्वनींचे निरीक्षण अचूक केले आणि त्यांच्या वंशजांनी त्या निरीक्षणावर नवे यंत्र उभे केले. परंपरेचा अभिमान असा, उत्तरकर्तृत्वाने सिद्ध करावयाचा असतो.

१९९१ मध्ये युनिकोड ही जागतिक संकेतप्रणाली प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यातील देवनागरीचा विभाग इस्कीच्याच पायावर रचलेला होता. विंडोज प्रणालीतील ‘मंगल’ हे देवनागरी अक्षरवळण रेखले ते कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. जगभरच्या असंख्य संगणकांवर उमटलेली ती अक्षरे एका मराठी माणसाच्या हातची आहेत.

मग आला स्पर्शपटलाचा काळ. सर्नमध्ये जन्मलेले मर्म येथे कामी आले. धातूच्या कळा संख्येने ठरावीक असतात, पण काचेवर हवी ती कळ रंगवता येते. मुंबईच्या आयआयटीत प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिपींच्या लेखनावर अनेक वर्षे काम केले आणि २०१३ मध्ये ‘स्वरचक्र’ हा कळफलक उपलब्ध करून दिला. व्यंजनावर बोट ठेवले की त्याभोवती त्याची बाराखडी चक्राकार उमलते आणि बोट सरकवले की हवे ते अक्षर उमटते. ज्याने कधी टंकलेखन शिकले नाही, पण पाटीवर बाराखडी गिरवली आहे, त्याला हे चक्र शिकवावे लागत नाही. परक्याचे तंत्र उचलून आपल्या बुद्धीने आपल्या समाजाला अनुरूप करणे, याचे हे सुंदर उदाहरण होय.

सिंप्यूटरचा धडा

पण केवळ यशाच्या कथा सांगून भागणार नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय यांनी एन्कोर या कंपनीच्या साथीने ‘सिंप्यूटर’ हा हातात मावणारा स्वदेशी संगणक घडवला. पडद्याला काडीने स्पर्श करून तो चालवता येई, भारतीय भाषांत तो बोलू शके आणि एकच यंत्र गावातील अनेकांना वापरता यावे म्हणून स्मार्ट कार्डाची सोय त्यात होती. २००४ मध्ये बाजारात आलेल्या ‘अमिडा सिंप्यूटर’मध्ये यंत्र हलवून आज्ञा देण्याचीही व्यवस्था होती. आयफोन येण्याआधी तीन वर्षे!

तरीही सिंप्यूटर चालला नाही. अपेक्षेच्या मानाने फारच थोडे नग खपले. कल्पकता कमी पडली नाही. कमी पडले ते मोठे भांडवल, सुट्या भागांचे देशी उत्पादन, सरकारी खरेदी आणि ग्राहकांचा विश्वास. कार्लसनला वीस दारे बंद झाली, पण एकविसावे उघडले. स्टार्कवेदरला एका प्रयोगशाळेने नाकारले, पण दुसरीने जवळ केले. आपल्या संशोधकासाठी ते पुढचे दार कोण उघडणार? स्वदेशीचा विचार हा केवळ परदेशी वस्तूंच्या बहिष्कारापुरता मर्यादित नाही. स्वदेशी प्रयत्न अपुरा, ओबडधोबड असतानाही त्याच्या पाठीशी उभे राहण्याची सामाजिक तयारी, हा त्याचा अधिक कठीण अर्धा भाग आहे.

आज देशात भ्रमणध्वनींची जुळणी मोठ्या प्रमाणावर होते, निर्यातही होते. ही समाधानाची बाब आहे. पण त्यांतील पडदे आजही मुख्यतः बाहेरून येतात आणि मुद्रकांची अंतरंगेही. जुळणी ही पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे.

कार्यकर्त्यांपुढील काम

कोणी म्हणेल, हे सरकारचे आणि शास्त्रज्ञांचे काम. सामान्य कार्यकर्त्याने यात काय करावे? तीन गोष्टी प्रत्येक घरात आणि प्रत्येक वस्तीत होऊ शकतात.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्या भ्रमणध्वनीवर मराठी कळफलक बसवून मराठी देवनागरीतच लिहावे. रोमन लिपीत मराठी लिहिण्याची सवय घराघरांत शिरली आहे. तंत्रज्ञानाची अडचण दूर झाल्यावरही ती सवय टिकत असेल, तर दोष यंत्राचा नाही. सावरकरांना लिपी यंत्रावर कशी चढेल याची चिंता होती. आज ती चढली आहे, आणि आपणच तिला उतरवीत आहोत.

दुसरी गोष्ट मुलांविषयी. बिघडलेला मुद्रक किंवा जुना भ्रमणध्वनी भंगारात देण्यापूर्वी, त्याची विद्युतघटिका जाणत्या माणसाकडून काढून घेऊन, तो मुलांसमोर उघडावा. त्यातला ढोल, आरसा, शाईची पेटी, पारदर्शक लेपाची काच त्यांना हाताळू द्यावी. संस्कार वर्गातून आपण शिवरायांचे किल्ले मातीत बांधायला शिकवतो, त्याच हातांना यंत्राची ओळख व्हावी. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला ‘गप्प बस’ म्हणणारे घर एक संभाव्य संशोधक गमावत असते.

तिसरी गोष्ट सर्वांत निकडीची. लेसर मुद्रक आणि पृष्ठजुळणीच्या काळात, म्हणजे साधारण १९९० नंतरची दोन दशके, आपल्याकडील बहुतेक स्मरणिका, साप्ताहिके, ग्रंथ आणि संस्थांचे अहवाल श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या आज्ञावल्यांतील अक्षरवळणांत जुळवले गेले. त्यांचे संकेत युनिकोडहून भिन्न होते, आणि एकाचा मजकूर दुसऱ्यात उघडला की निरर्थक चिन्हे दिसत. तो सर्व मजकूर कागदावर आहे, जुन्या तबकड्यांवर आहे, पण आजच्या यंत्रांच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नाही. शोधयंत्राला तो सापडत नाही. मराठी बोलू-लिहू लागलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांपर्यंत तो पोहोचत नाही. ही यंत्रे जे वाचतील तेच बोलतील. आपले अनुभव, आपल्या माणसांची चरित्रे, आपल्या गावांचे इतिहास त्यांनी वाचलेच नाहीत, तर उद्याच्या पिढीला आपल्याविषयी ती काय सांगतील? दुसऱ्यांनी आपल्याविषयी जे लिहून ठेवले आहे, तेच.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा सर्वत्र पेढे वाटले गेले. ते योग्यच झाले. आता कृतीची वेळ आहे. प्रत्येक नगरातील चार तरुण आणि दोन निवृत्त शिक्षक एकत्र बसले, तर आपल्या परिसरातील संस्थांच्या जुन्या स्मरणिका युनिकोडमध्ये आणण्याचे काम वर्षभरात पार पडू शकते. रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या उपलब्ध आहेत. यंत्राने केलेल्या चुका दुरुस्त करण्यासाठी मात्र मराठी जाणणारा डोळाच लागतो, आणि तो आपल्याकडे आहे. या कामात सत्कार नाही, छायाचित्र नाही. पण निर्णयसागरमध्ये एकेक खिळा घासणाऱ्या हातांनाही ते कोठे मिळाले होते?

भीमजी पारेखांच्या वेळी यंत्र आले होते, अक्षर आले नव्हते. आज यंत्रही हाताशी आहे आणि अक्षरही. उणीव आहे ती मजकूर उतरवून काढण्याच्या चिकाटीची. ती दाखवणे आपल्या हाती आहे.

भारत माता की जय!